सोमवारचा पाव

"सात थर," भास्कर खांबेटेने वही बायकोपुढे धरली. "खालून वर. हा छेद नीट बघ."

वसुधाने छेद बघितला. तळाला पाव, त्यावर तेल, मग दोन प्रकारचं डुकराचं मांस, चीज, टोमॅटो, कांदा, कसलासा पाला आणि झाकण म्हणून पुन्हा पाव. प्रत्येक थराशेजारी बाण, आणि बाणाच्या टोकाला जाडी. मिलिमीटरमध्ये.

"कुठलं धरण हे?" तिने विचारलं.

"धरण नाही, जेवण आहे. रविवारी प्रोफेसर रिझो येताहेत आपल्याकडे."

बासष्ट सालचा मे महिना होता. भास्करची शिष्यवृत्ती जूनअखेर संपत होती आणि प्रबंध अजून वर्षभर लांब होता. रिझो अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाहून जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या टेक्निशे होखशूले या तंत्रविद्यापीठात आले होते. ऱ्हाईन नदीची दालनभर लांब प्रतिकृती बांधायची, तिच्यात पाणी सोडायचं आणि गाळ कुठे बसतो ते मोजायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांना वर्षभराचा सहायक हवा होता. एकच. नाव सोमवारी सांगणार होते. ते नाव भास्करचं नसलं तर भास्करला परत जावं लागणार होतं, त्याच पाटबंधारे खात्यात, त्याच साहेबापुढे, ज्याला त्याने निघताना सगळ्या कचेरीदेखत ऐकवलं होतं, "आता डॉक्टर होऊनच तोंड दाखवीन." असली वाक्यं माणसाने बोलू नयेत. भास्कर बोलून बसला होता.

गेल्या आठवड्यात विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, उकडलेल्या बटाट्याकडे बघता बघता रिझोंनी डोळे मिटले आणि ते त्यांच्या गावच्या सँडविचबद्दल बोलू लागले. माणूस पोथी सांगतो तसे. लांब पाव, बाहेरून कडक, आतून मऊ. तेल आधी की नंतर, कांदा किती पातळ. "आम्ही त्याला होगी म्हणतो," ते म्हणाले. "न्यूयॉर्कवाले हीरो म्हणतात. बॉस्टनवाले सब म्हणतात. ते चुकतात. ज्यांना नाव धड घेता येत नाही, त्यांना ते करता काय येणार?" भास्कर तोंड उघडं टाकून ऐकत होता. गणितातही त्याने रिझोंना एवढं ठाम बघितलं नव्हतं. आणि त्या भारावलेल्या अवस्थेत तो बोलून गेला, "रविवारी आमच्याकडे या. माझी बायको करते."

बायकोला विचारलं नव्हतं. नवरे विचारत नाहीत. ते आधी कबूल करतात आणि मग घरी येऊन छेद दाखवतात.

"मी?" वसुधा म्हणाली. "मी डुकराचं करते?" ती मिरजेहून येऊन पाच महिने झाले होते. या देशात तिने अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

"तू फक्त पाव काप. बाकीचं मी आणि आत्माराम बघतो."

"तुम्हाला हॅम कापता येतं?"

"शिकेन," भास्कर वहीत बघत म्हणाला.

आत्माराम ठवरे अमरावतीचा. विजेचं शिकायला आलेला आणि शिकता शिकता अमेरिकन छावणीतल्या सोल्जरांचे रेडिओ दुरुस्त करणारा. वसुधा ज्याला पिठलं म्हणायची त्याला तो बेसन म्हणायचा, आणि त्यावरून पहिल्याच दिवशी दोघांची जुंपली होती. अमेरिकन सँडविचची कृती अमेरिकनांकडूनच आणू, असं म्हणून तो मंगळवारी छावणीवर गेला आणि दिवेलागणीला चार कागद घेऊन परतला.

"वहिनी, तिथं लढाई पेटवून आलो," तो म्हणाला. "हा बॉस्टनचा. म्हणतो, सब. हा न्यूयॉर्कचा, हीरो. हा कनेटिकट का काय तिथला. तो म्हणते, ग्राइंडर, अन् भट्टीत गरम केल्याबिगर त्याले हात लावू नका. अन् हा पार वरच्या मेन प्रांतातला. तो नुसतं इटालियन म्हणते. म्या म्हटलं, बाप्पा, इटालियन तर माणूस असते. तो म्हणे, आमच्याकडं सँडविच असते."

"आणि फिलाडेल्फियाचा?" भास्करने विचारलं.

"बदलून गेला बर्लिनला."

"अरे, मग या चार कागदांचं मी काय करू?"

"तेच म्या त्यायले इचारलं. एक म्हणे, बाकीचे तीन फाडून टाक. चौघंही तसंच म्हणे. बॉस्टनवाल्यानं न्यूयॉर्कवाल्याची टोपी खिडकीतून फेकली, तवा म्या निघालो."

वसुधाने चारही कागद ओट्यावर शेजारी शेजारी मांडले आणि वाचले. इंग्रजी तिला वाचता येत होतं. नावं चार, मिजास चार, आणि आतलं सगळं सारखं. तेच मांस, तेच चीज, तोच कांदा. "इटालियन लोकांचं दिसतंय हे," ती म्हणाली. "चौघांनीही तेवढं एकच सारखं लिहिलंय."

इटालियन माणूस घरासमोरच होता. त्या वर्षी त्यांच्या रस्त्यावर ट्रामचे रूळ बदलत होते आणि खड्ड्यात उतरून कुदळ मारायला जर्मनांनी इटलीहून माणसं आणली होती. त्यांतला कार्मिने आत्मारामच्या ओळखीचा झाला होता. दोघांचंही जर्मन सारखंच मोडकं, म्हणून दोघांना एकमेकांचं कळायचं. आत्माराम वही घेऊन खड्ड्याच्या काठावर बसला. वसुधा वरून, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून ऐकत होती.

"हे तुझ्या गावचं," आत्मारामने छेद दाखवला.

कार्मिनेने हात पुसले. वही घेतली. "माझ्या गावात नाही."

"चार अमेरिकन सांगतात, इटालियन आहे."

"चार अमेरिकन माझ्या गावी येऊन गेले?" कार्मिनेने छेदावरून बोट वर वर नेलं. "मांस. दुसरं मांस. चीज. तेल. टोमॅटो." मग त्याने वही परत दिली. "ज्याच्या घरी हे सगळं एकाच दिवशी आहे, तो टेबलावर बसेल. पावात कशाला कोंबेल? पोलीस मागे लागलेत का त्याच्या?"

आत्मारामने वर बघून ते मराठीत सांगितलं. वसुधा हसली नाही. तिने फक्त मान हलवली.

पण माणूस भला. त्या संध्याकाळी कार्मिनेने आत्मारामला मजुरांच्या लाकडी बराकीत नेलं, खाटेखालची पेटी ओढली आणि उघडली. आत्माराम पुढे कितीतरी दिवस त्या वासाबद्दल बोलत होता. कॅलाब्रियातल्या कुठल्याशा डोंगरावरची त्याची आई पेटीत कपडे कमी आणि खाणं जास्त भरायची. दोरीने बांधलेली सलामी, म्हणजे खारवलेलं मांस, पिवळंधमक चीज, वाळवलेल्या लाल मिरच्या, आणि ओव्यासारख्या वासाचा एक सुका पाला. कार्मिनेने सगळ्यातलं अर्धं कापून वर्तमानपत्रात बांधलं. वर्षातून एकदा येणारी पेटी ती. वसुधाने दुसऱ्या दिवशी आंब्याच्या लोणच्याची बरणी पाठवली. तीही वर्षातून एकदाच येणारी होती.

मग तेल. ऑलिव्हचं तेल कार्ल्सरूहेत किराण्याच्या दुकानात मिळेना. मिळालं ते औषधांच्या दुकानात, कानात घालायचं म्हणून, बोटाएवढ्या बाटलीत, ड्रॉपरसकट. आत्मारामने आठ बाटल्या मागितल्या. पांढऱ्या कोटातल्या बाईने चष्मा काढला.

"किती कान दुखताहेत?" तिने विचारलं.

"एकच प्रोफेसर आहे," आत्माराम म्हणाला. तिने आठ बाटल्या मोजून दिल्या.

राहिला पाव आणि हॅम. दोन्ही शनिवारी. शनिवारी दुपारी दोनला या देशाची दारं धाडकन बंद होतात आणि सोमवारपर्यंत मेलं तरी कुणी उघडत नाही, म्हणून भास्कर साडेबाराला निघाला. वसुधाला बटाटे हवे होते. ती म्हणाली, मीही येते. भास्कर म्हणाला, उगाच कशाला. ती चप्पल घालून तयार होती.

खाटकाच्या दुकानाबाहेर ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, पाठ करून. भास्कर आत गेला न गेला तोच काउंटरमागच्या बाईचा आवाज रस्त्यावर आला, चांगला मोकळा, ओळखीचा आवाज.

"आह, हेर खांबेटे! वी इमर?"

आणि तिने भास्करने काही सांगण्याआधीच एक गोल वेक, म्हणजे छोटा पाव, उभा चिरला, त्यात हॅमच्या तीन चकत्या घातल्या आणि कागदात गुंडाळून पुढे केला.

वसुधाला तेव्हा जर्मनचे चाळीसेक शब्द येत होते. त्यांत हे दोन होते. दूधवाली रोज तेच म्हणायची. वी इमर, फ्राऊ खांबेटे? नेहमीप्रमाणे?

भास्कर एका हातात रविवारचं हॅम आणि दुसऱ्या हातात तो वेक घेऊन बाहेर आला. त्याचं तोंड त्या हॅमच्याच रंगाचं झालं होतं. घरून रोज डब्यात पोळीभाजी नेणारा माणूस! नऊला पोळीभाजी, साडेअकराला हॅम, असं पाच महिने चाललं होतं. धर्म बुडाल्याचं त्याला दुःख नव्हतं. पकडलं गेल्याचं होतं. आपल्यात धर्म बहुतेक तिथेच राहतो.

"बटाटे घ्यायचेत," वसुधा म्हणाली. आणि पुढे चालू लागली.

पावासाठी बेकरवाल्याने लांब फ्रेंच पाव दिला. शनिवारी दुपारी तो मऊ होता. रविवारी सकाळी दहा वाजता तो लाटण्यासारखा वाजत होता.

"चावून बघ," भास्कर म्हणाला.

आत्मारामने चावून बघितलं. "दात हालला."

"ओला कर थोडा."

दोघांनी पाव ओला केला, उभा चिरला, वही उघडी ठेवून थर रचले. तेल ड्रॉपरने घातलं. पाचव्या बाटलीनंतर भास्करला वाटलं, तेल आधी घालायचं होतं की शेवटी? बॉस्टनचा कागद म्हणत होता शेवटी, न्यूयॉर्कचा म्हणत होता आधी. दोघांनी सगळं उपसलं आणि पुन्हा रचलं. कनेटिकटच्या आठवणीने तो तव्यावर शेकला. खालून करपला, वरून गार राहिला. मग कापायला सुरी चालेना म्हणून आत्मारामने रेडिओच्या पेटीतली करवत धुऊन आणली. करवतीने पाव एका बाजूने कापला जात होता आणि दुसऱ्या बाजूने सगळं बाहेर येत होतं. टोमॅटो ओट्यावर, सलामी ताटलीत, कांदा भास्करच्या बुटावर.

वसुधा दारात उभी राहून बघत होती. शनिवारपासून पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं.

"अहो, माणूस येतोय की जातोय?"

"म्हणजे?"

"हे असं एकात एक कोंबून, कागदात बांधून आपण कुणाला देतो? गाडीत बसणाऱ्याला. शेतावर निघालेल्याला. ही शिदोरी आहे. घरी जेवायला आलेल्या माणसाच्या हातात शिदोरी ठेवायची? म्हणजे आल्या पावली चालते व्हा?"

"वसुधा, त्यांना हेच हवंय! असंच हवंय! यात कमीजास्त झालं तर वर्ष गेलं माझं!" भास्करने घड्याळ बघितलं. सव्वाबारा. रिझोंची ट्राम साडेबाराला. "मी स्टॉपवर जातो. तू आता कशालाही हात लावू नकोस. आत्माराम, तू हे कसंतरी दोरीने बांध."

तो गेला. वसुधाने आत्मारामकडे बघितलं.

"भावजी, दोरी राहू दे. त्या कार्मिनेला बोलावून आणा जेवायला."

"वहिनी, भास्कर मारंल मले."

"त्याच्या आईची सलामी टेबलावर आणि तो बराकीत? माझ्या घरात नाही चालायचं. जा."

आत्माराम गेला. वसुधाने ओट्यावरचा चिमटा उचलला, पोळ्या शेकायचा, तिच्या आईने दिलेला. त्याने ती हॅमची एकेक चकती उचलून वेगळी करू लागली. श्वास रोखून. हात चार बोटं लांब. पण चकत्या सुटत गेल्या तसा श्वास सुटला. मग चीज वेगळं. टोमॅटो वेगळा. अर्ध्या पावाचे तिने बोटभर जाडीचे तुकडे केले, पाण्याचा हबका मारला आणि लोण्यावर परतले. आई शिळ्या पोळीला करायची तसे. कालचा मुर्दाड पाव मऊ होऊन वास सोडायला लागला.

ताटं दोनच होती. ती खाली घरमालकिणीकडे गेली. फ्राऊ ह्योल्त्सलेंच्या जिन्यात नियमांचा कागद चिकटवलेला होता. त्यात कांदा परतण्याच्या वेळाही होत्या. वसुधाने पाच बोटं दाखवली, ताटाचा गोल केला, वर बोट दाखवलं. "प्रोफेसर," ती म्हणाली. "झोनटाग."

फ्राऊ ह्योल्त्सलेंनी वर नाक करून वास घेतला. काहीतरी बोलणार होत्या, पण झोनटाग, रविवार, हा शब्द त्यांच्या मनात कुठेतरी बसला. त्यांनी काचेचं कपाट उघडलं आणि निळ्या काठाची पाच ताटं काढून दिली, लग्नातली. "रविवारी माणूस ताटात जेवतो," त्या म्हणाल्या, जणू हाही कागदावरचा नियमच होता.

भास्कर रिझोंना घेऊन जिना चढत होता. रिझो खुशीत होते. "तीन महिने झाले," ते म्हणत होते. "तीन महिने मी या पावाची स्वप्नं बघतोय." भास्करने दार ढकललं.

टेबलावर पाच ताटं मांडली होती. प्रत्येकाच्या वरच्या टोकाला मीठ. डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणीच्या जागी वाटलेली लाल मिरची, कोशिंबिरीच्या जागी कांदा-टोमॅटो, शेजारी लोणचं. उजव्या हाताला भाजीच्या जागी हॅम आणि सलामी, वरणाच्या जागी चीज. मधोमध पावाचे तुकडे, पोळीसारखे घडीला घडी. आणि वाटीत, साजूक तुपाच्या जागी, औषधांच्या दुकानातलं तेल, त्यात तो सुका पाला चुरलेला. एका ताटात मांस नव्हतं. ते वसुधाचं. आणि खुर्चीवर, तेल लावून भांग पाडलेला, एकुलत्या एक कोटात अवघडलेला कार्मिने बसला होता. प्रोफेसर बघून तो ताडकन उभा राहिला.

भास्करने टेबलभर नजर फिरवली. होगी मोडली होती. आणि वर रस्ता खोदणारा मजूर प्रोफेसरच्या पंगतीला! लाज वाटली त्याला, खरोखरची. या देशात भाड्याची खोली शोधताना आपल्याच तोंडावर किती दारं बंद झाली, हे त्याला त्या क्षणी आठवलं नाही. शिकलेल्या माणसाला असल्या गोष्टी सोयीनेच आठवतात.

"सर," तो म्हणाला, "काहीतरी गैरसमज..."

रिझोंनी हात वर केला. त्यांनी टोपी काढली. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना म्हणून छातीशी धरून उभे राहिले. त्यांची नजर मिठापासून सुरू होऊन ताटाभोवती फिरली आणि पुन्हा मिठावर आली. मग त्यांनी सलामीकडे बोट केलं आणि एक शब्द उच्चारला. इंग्रजी नाही, पुस्तकी इटालियनही नाही. कार्मिनेचे डोळे मोठे झाले. त्याने तोच शब्द पुन्हा म्हटला, जरासा वेगळा, नीट करून. रिझोंनी चीजकडे बोट केलं. दुसरा शब्द. कार्मिनेने तोही नीट केला. तेल. मिरची. पाव. मोठा माणूस एकेका पदार्थाला बोट लावून नाव आठवत होता आणि मजूर त्याला सुधारत होता, शाळेतल्यासारखं.

"माझ्या आजीचं टेबल," रिझो शेवटी म्हणाले. "रविवारी, चर्चमधून आल्यावर. अगदी असं. सगळं वेगळं, ज्याची त्याची जागा. मी चार वर्षांचा असेन." ते खाली बसले. "आजोबा गोदीत रिव्हेट ठोकायचे. सोमवारी पहाटे आजी रविवारचं उरलेलं पावात भरायची, आणि तो पाव काखेत मारून ते कामावर जायचे. टेबल नेता येत नव्हतं ना, म्हणून. गोदीतल्या बाकीच्यांनी बघितलं, त्यांनी त्याला नाव दिलं. दुसऱ्या गावातल्या गोदीत दुसऱ्यांनी दुसरं." त्यांनी पावाचा तुकडा तेलात बुडवला. "मी जन्मभर सोमवारबद्दल भांडत आलो, मिस्टर खांबेटे. रविवार विसरून गेलो होतो."

कार्मिनेला इंग्रजी कळत नव्हतं, पण त्याने आत्मारामला कोपर मारलं. "सांगितलं नव्हतं? टेबलावर."

मग सगळे जेवले. वसुधाही जेवली, आपल्या ताटात, पाहुण्यांच्या पंगतीला, आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. सँडविच असतं तर ती ओट्याशी उभी राहिली असती. तिला सगळ्यात नवल वाटत होतं ते रिझोंचं. एवढा नद्या वळवणारा माणूस, आणि त्याने लोणच्याच्या फोडीला हात लावला नाही, आधी कार्मिनेला विचारलं, हे आपलं का? कार्मिने म्हणाला, नाही, हे तिचं. तेव्हा रिझोंनी ती फोड खाल्ली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते नुसतं तिखटाचं नव्हतं. फ्राऊ ह्योल्त्सले मध्येच ताटांची काळजी म्हणून वर आल्या. त्यांनाही एक तुकडा मिळाला. नियमांच्या कागदाचा विषय निघाला नाही.

निघताना भास्करने दारात कसंबसं विचारलं, "सर, त्या सहायकाच्या जागेचं..."

"तुमचं काम मी मार्चमध्येच वाचलं. चांगलं आहे. दुसऱ्या उमेदवाराचंही चांगलं आहे," रिझो म्हणाले. "वर्षभर ज्याच्याबरोबर दुपारचं खाता येईल असा माणूस निवडायचा होता. ज्या घरात खड्डा खोदणाऱ्याला माझ्या शेजारची खुर्ची मिळते, त्या घरातला माणूस चालेल मला. उद्या आठला या. एकच अट. रविवारी मी इथे जेवणार. हाही येणार." त्यांनी कार्मिनेच्या खांद्यावर हात ठेवला.

"अर्थात, सर. आमच्या घरात तसा भेदच नाही," भास्कर म्हणाला. नवरे म्हणतात. आत्माराम खोकला.

वसुधा तोवर आत गेली होती. उरलेल्यातलं बरंचसं तिने बाकीच्या अर्ध्या पावात भरलं, तेल आधी, मग मांस, मग चीज. कागदात बांधून रिझोंच्या हातात दिलं. आता माणूस जात होता.

"मिसेस खांबेटे," रिझोंनी तो बांधलेला पाव दोन्ही हातांत धरला, "याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"शिदोरी," वसुधा म्हणाली.

सोमवारी साडेअकराला, ऱ्हाईनच्या प्रतिकृतीच्या काठावर बसून रिझोंनी कागद सोडला. प्रयोगशाळेचा मुख्य इंजिनियर चष्मा सावरत वाकला. हा नुकताच बॉस्टनला वर्षभर राहून आला होता. "आह, सब!" तो ओळखीने म्हणाला.

"नाही," रिझो ठाम आवाजात म्हणाले. भास्करला त्यांचा तो मेन्झातला आवाज आठवला आणि पुढे कुठला शब्द येणार तेही माहीत होतं. "शिदोरी. ज्यांना नाव धड घेता येत नाही, त्यांना ते करता काय येणार?"

भास्करने आपला डबा मांडीवर घेतला. सकाळी तो जड लागला होता. बटाट्याची भाजी असेल, त्याने धरलं होतं. शनिवारपासून वसुधाने खाटकाचा विषय काढला नव्हता. फक्त सकाळी निघताना त्याला चिमटा दिसला होता, पोळ्यांच्या तव्यापासून दूर, खिळ्याला वेगळा टांगलेला, दांड्याला लाल दोरा बांधलेला.

त्याने झाकण काढलं. आत आडवा बसवलेला, शनिवारचा तो वेक होता. त्यात हॅमच्या तीन चकत्या, चीज, टोमॅटो, कांदा, सगळं वहीतल्या छेदाबरहुकूम, मिलिमीटरचाही फरक नाही. वर घडी घातलेली चिठ्ठी होती. वसुधाच्या वळणदार अक्षरात, देवनागरीत, दोनच शब्द.

वी इमर.